बांबू झाड की गवत?

मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या पालकांनो, आणि घामानं मेकअप ओघळायच्या आत हे भाषण संपावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेल्या मुलामुलींनो,

आधी एक प्रश्न. बांबू झाड की गवत?

विज्ञानाच्या तासाला जागी असणारी मुलं सांगतील, गवत. बरोबर आहे. ऊस आणि आपली परभणी मोती ज्वारी यांचा तो लांबचा भाऊबंद. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं त्याला झाड ठरवलं होतं. त्या एका शब्दावरून गडचिरोली जिल्ह्यातलं एक गोंड गाव सरकारशी भांडलं आणि जिंकलं. गावाचं नाव मेंढा. शेजारच्या लेखा गावाला जोडून मेंढा-लेखा म्हणतात, तालुका धानोरा. घरं शंभराच्या आसपास. अख्खं गाव पूर्णा जंक्शनच्या एका फलाटावर मावेल.

गावाभोवती जंगल, जंगलात बांबू. तो तोडून न्यायचा ठेका कागद कारखान्याला, आणि गावातल्या माणसानं कुडासाठी चार काठ्या आणल्या तर तो मात्र चोर! १९८० च्या दशकात ईचमपल्ली आणि भोपालपटनम इथल्या धरणांविरुद्ध त्या भागातले आदिवासी उठले. त्या आंदोलनात मेंढ्याचे देवाजी तोफा पुढे आले. धरणं थांबली, माणसं घरी परतली, आणि मेंढेकरांनी गोटूल बांधायला घेतलं. गोटूल म्हणजे गावच्या तरुण मुलामुलींचं जमायचं, शिकायचं, नाचगाण्याचं घर. लाकूड जंगलातलं, म्हणून वन खात्यानं ते मोडून टाकलं. गावानं पुन्हा उभं केलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा तेव्हापासून महाराष्ट्रभर गेली.

घोषणा देणं सोपं असतं. मेंढ्याची खरी कमाई आहे ती सभेत. तिथे निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचीही मान आडवी हलली, तर विषय पुढच्या सभेवर. बायकाही बरोबरीनं बोलतात. (शाळेच्या सहलीचं ठिकाण या पद्धतीनं ठरवून बघा, म्हणजे देवाजींचा धीर काय दर्जाचा आहे ते कळेल.) शिवाय गावात अभ्यासगट आहे. कायदा समजून घ्यायचा असेल तर जाणकाराला बोलवायचं, त्याला उलटसुलट प्रश्न विचारायचे. मोहन हिराबाई हिरालाल हे गावाचे असेच जुने मित्र होते. ते सांगणार, पण ठरवणार ग्रामसभा.

या अभ्यासाचा उपयोग झाला तो २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर. पुष्कळ गावांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं, मेंढ्यानं मात्र कलमं वाचून दावा तयार केला. २००९ मध्ये जवळजवळ १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. नव्या कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे गावाचा. जुन्या कायद्यात तो झाड, म्हणजे वन खात्याचा. बांबू तोडता येई, पण ट्रकमध्ये भरून बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागे, आणि परवान्याचं पुस्तक खात्याच्या कपाटात. रेल्वेच्या गावातल्या मुलांना वेगळं सांगायला नको: तिकीट खिशात आहे, पण डब्यात चढू देत नाहीत.

२७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून परवान्यावर सही गावाची. ग्रामसभेनं पॅनकार्ड काढलं, बांबूचे लिलाव केले, तोडणाऱ्याला मजुरी आणि गावाला निधी मिळू लागला. जंगल राखायचं कामही अर्थात गावाच्याच गळ्यात आलं. आणि १९२७ च्या कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबूचं नाव २०१७ मध्ये निघालं. तुमच्या विज्ञानाच्या बाईंशी सहमत व्हायला कायद्याला नव्वद वर्षं लागली.

गडचिरोली लांब वाटत असेल, तर जवळ येऊ. आपल्या स्टेशनात थांबणारी नंदीग्राम एक्सप्रेस नांदेड, मुदखेड, किनवट करत आदिलाबादला जाते. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, आणि आदिलाबाद काय, परभणी काय, दोन्ही निजामाच्या राज्यात. म्हणजे कोमराम भीमांची गोष्ट एका अर्थी आपल्याच घरातली आहे. गोंडांच्या जमिनी जात होत्या, जंगलखात्याचा जाच होता, त्याविरुद्ध भीम उभे राहिले आणि १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. तरुणपणी त्यांनी चांद्याच्या एका छापखान्यात काम केलं आणि तिथेच अक्षरओळख करून घेतली, असं सांगतात.

भीम गेल्यावर निजाम सरकार खडबडून जागं झालं. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना त्या भागात पाठवलं, आणि १९४३ मध्ये मार्लवाई या गावी गोंड तरुणांसाठी शिक्षक-प्रशिक्षण केंद्र निघालं. मुलांना पहिले धडे गोंडी भाषेत. लिपी कुठली घ्यायची? तिथल्या गोंडांना मराठीचा सराव होता, म्हणून देवनागरी निवडली. ती पुस्तकं पूर्णेतल्या पहिलीच्या पोरालाही खडाखडा वाचता आली असती. कळलं मात्र अक्षरही नसतं. गोंड मुलाचं आपल्याकडच्या शाळेत पहिल्या दिवशी नेमकं हेच होतं. मार्लवाईत शिकलेले तरुण पुढे आपापल्या भागात गुरुजी झाले, काही सरकारी नोकरीत गेले. हायमेनडॉर्फांचं कौतुक पुष्कळ होतं आणि ते रास्तही आहे, पण भीमांनी जीव दिला नसता तर त्यांना तिथे कोण पाठवणार होतं?

कौतुक एकाचं आणि कष्ट दुसऱ्याचे, हे वारली चित्रांतही दिसतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचं नाव तुमच्या चित्रकलेच्या सरांनी सांगितलं असेलच. लग्नघराच्या भिंतीवरचा चौक, म्हणजे वारली लग्नचित्र, त्यांनी कागदावर आणला, तो जगभर गेला, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण तो चौक पिढ्यान्‌पिढ्या लिहिला वारली सुवासिनींनी. त्यांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत, ही गोष्ट मनाला टोचते.

आता जरा नाजूक विषय. स्नेहसंमेलनात हटकून एक ‘आदिवासी नृत्य’ असतं. कमरेला पानं, तोंडाला काजळ, हातात पुठ्ठ्याचे भाले, आणि मध्येच हुर्रहुर्र. कुठल्या जमातीचं, कुठल्या सणाचं, कुणी विचारत नाही. खरा नाच बघायचा तर दिवाळीत किनवट-आदिलाबादकडे जावं. दंडारी या गोंड नाचाची पथकं गावोगाव निघतात. त्यातला घुसाडी डोक्यावर मोरपिसांचा भलाथोरला टोप घालतो, बकऱ्याच्या केसांची दाढी लावतो, अंगाला राख फासतो. यजमान गाव जेवू घालतं, रात्रभर ढोल वाजतो, आणि त्या पाहुणचारात सोयरिकीही जुळतात. मघाशी सांगितलेल्या त्याच मार्लवाईचे कनक राजू हे घुसाडीचे थोर कलावंत. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या वेशात पुठ्ठ्याचा भाला कुठेच नव्हता.

तेव्हा मुख्याध्यापकांना एक विनंती. पुढच्या वर्षीचं ‘आदिवासी नृत्य’ बसवायच्या आधी किनवटच्या किंवा कळमनुरीच्या एखाद्या आश्रमशाळेला पत्र लिहा. तिकडची मुलं पाहुणी म्हणून इथे येऊ द्या, त्यांनाच शिकवू द्या, आणि निवेदनात जमातीचं नाव नीट घ्या. किनवटहून गाडी थेट आहे. ढोल जड असतात, डब्यातून उतरवायला माणसं लागतील. मागच्या रांगेत शिट्ट्या मारणारी ती चार दणकट पोरं त्या दिवशी स्टेशनवर पाठवा.