बाटलीतली रोपे आणि गडावरची फुले



तुमच्यापैकी पुष्कळांनी केळीची रोपे विकत आणून लावली असतील. लहानशा काळ्या पिशवीतली, सगळी एका उंचीची, एका वयाची. त्यांना आपण 'टिश्यू कल्चरची केळी' म्हणतो. नाव सगळ्यांच्या तोंडी बसले आहे. पण ती रोपे होतात कशी, हे विकणारासुद्धा धड सांगत नाही. ते आज सांगणार आहे.

मात्र मी बोलणार ते केळीबद्दल नाही. केळीला वाली पुष्कळ आहेत. आपल्या डोंगरांत काही शोभेची फुलझाडे आहेत, त्यांना वाली कोणी नव्हता. ती संपत चालली होती. त्यांना या बाटलीच्या युक्तीने हात कसा दिला, ते ऐका. मी काही शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक झालेला मास्तर आहे. जे वाचले, विचारले आणि समजले, तेवढेच सांगतो.

मी राहतो मुंबईत, लालबागला. आमच्या गिरणगावातला माणूस सुटीच्या दिवशी पोरेबाळे घेऊन कुठे जायचा? भायखळ्याच्या राणीच्या बागेत! तुमच्या गावचे जे लोक गिरणीत कामाला होते, त्यांना विचारा. पोरे वाघ-हत्ती बघायला धावत. पण ती बाग मुळात जनावरांची नाही, झाडांची आहे. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती लोकांसाठी उघडली. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते सर बार्टल फ्रिअर. त्यांच्या पत्नीच्या हस्ते तो समारंभ झाला. आज बागेचे नाव आहे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान.

या बागेत ब्रह्मदेशातले एक झाड आहे. नाव उर्वशी. झुंबर टांगावे तसे तांबडे फुलांचे घोस फांदीवरून खाली लोंबतात. फार देखणे झाड. पण त्याला बी धरते क्वचित. म्हणून माळी त्याची गुटी बांधून कलम करतात. त्याच्या मायदेशी ते रानात आता जवळजवळ दिसत नाही. म्हणजे बागेत आहे, पण रानात नाही, अशी त्याची गत. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता फ्रिअरसाहेबांचे नाव पुन्हा येते. त्यांच्या काळात डाल्झेल नावाचे एक जंगलखात्याचे अधिकारी होते. झाडांचे मोठे जाणकार. त्यांनी जुन्नरकडच्या डोंगरातल्या एका नव्या वनस्पतीची शास्त्रात नोंद केली आणि तिला गव्हर्नरांचे नाव दिले, 'फ्रेरिया'. ती शिवनेरीच्या कड्यावरही आहे. म्हणून आपल्या लोकांनी तिला फार गोड नाव दिले, 'शिवसुमन'. मला विचाराल तर हेच नाव खरे. गव्हर्नर आले आणि गेले, शिवनेरी जागेवर आहे.

तुम्हाला माकडशिंगी ठाऊक आहे. माळावर येते, काही ठिकाणी तिची भाजी करतात. शिवसुमन तिच्याच भाऊबंदांतले. पण माकडशिंगीला पाने नसल्यासारखीच, आणि शिवसुमनाला मात्र जाड, रसाळ पाने येतात. उन्हाळ्यात ती गळतात. कातळाच्या फटीत मुळे रोवून ते कड्यावरून लोंबते. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर फूल येते. पाच पाकळ्यांची चांदणी, रंग गडद तांबडा, त्यावर पिवळे ठिपके. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी ते सापडले आहे. महाराष्ट्राबाहेर जगात कुठेही ते आपोआप उगवत नाही. साऱ्या पृथ्वीवर ठेव आहे ती एवढीच, आणि ती आपल्याकडे आहे.

दुसरे झाड तुमच्या जास्त ओळखीचे. खरपुडी! डोंगरात गुरे राखणाऱ्या पोरांनी तिचा कंद उकरून खाल्ला नाही, असे गाव घाटावर विरळा. शहरातले लोक तिला 'कंदीलपुष्प' म्हणतात, कारण फूल हुबेहूब लहान कंदिलासारखे दिसते. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोके जुळून झालेली छत्री. त्या कंदिलात एक गंमत आहे. वासाला भुलून बारीक माशी आत शिरते. नळीत केस असतात, ते आतल्या बाजूला वळलेले. आत जाता येते, बाहेर येता येत नाही. माशी धडपडते, तिच्या अंगाला पराग चिकटतात. मग फूल कोमेजू लागले की केस सैल पडतात आणि माशी सुटते. सुटली की दुसऱ्या कंदिलात जाऊन अडकते! अशा रीतीने बी धरते.

खरपुडीच्या जाती पुष्कळ. भारतात पन्नासांहून अधिक. त्यांतल्या कित्येक फक्त सह्याद्रीत, आणि काही तर दोन-चार डोंगरांवरच. गिरगावाजवळ धोबी तलावाला सेंट झेवियर्स कॉलेज आहे. तिथे १९०६ सालापासून वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. तिथले फादर सांतापाव यांनी आपले डोंगर पायांखाली घातले. जन्माने स्पेनचे, पण हाडे झिजवली इथे. एका कंदीलपुष्पाला त्यांचे नाव आहे.

ही झाडे कमी का झाली? कंद उकरला की झाड गेले, पाने तोडण्यासारखे ते नव्हे. शेळ्या कोवळे वेल खुडतात. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लावतात. आणि आता शहरांतले हौशी लोकही उपटून नेतात, कुंडीत लावायला. पूर्वी पोरे कंद खात, तरी वेल टिकून होते, कारण डोंगर मोठा होता आणि वेल पुष्कळ होते. आज एखाद्या जातीचे थोडेच वेल उरलेले असतात. तिथे दोन पोरांची एक दुपारसुद्धा भारी पडते. पोरांना दोष देऊन काय उपयोग? त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

आता प्रयोगशाळेत चला.

परळला हाफकिन संस्था आहे. १८९९ साली प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा तिथे, जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. लस करताना बाहेरचा एकही जंतू बाटलीत जाता कामा नये, हा तिथला पहिला नियम. झाडांच्या प्रयोगशाळेचाही पहिला नियम हाच. कारण बाटलीत साखर असते. बुरशीचा एक कण पडला तर दोन दिवसांत सारी बाटली पांढरी होते.

बाटलीत आणखी काय असते? पाणी. एक लिटर पाण्याला सुमारे ३० ग्रॅम साखर. झाड जमिनीतून घेते ते क्षार, म्हणजे आपण खत घालतो त्याच जातीचे, पण शुद्ध आणि मोजून. आणि हे सारे घट्ट व्हावे म्हणून अगर. अगर म्हणजे कोण? आपला चायनाग्रास! समुद्रातल्या शेवाळापासून होतो, मुंबईत बायका त्याची खीर-पुडिंग करतात. शिवाय झाडाच्या अंगात असतात तसली वाढीची द्रव्ये, चिमूटभराहूनही कमी. एका जातीचे द्रव्य घातले की कोंब फुटतात. दुसऱ्या जातीचे घातले की मुळे फुटतात. १९४१ साली परदेशी शास्त्रज्ञांनी धोत्र्याचे कोवळे गर्भ वाढवायला नारळाचे पाणी वापरले, आणि ते वाढले! आपण आजाऱ्याला शहाळे देतो, ते उगीच नव्हे.

हे सारे कुकरसारख्या मोठ्या भांड्यात वाफेवर तापवतात, म्हणजे जंतू मरतात. मग वेलाचा एक पेराएवढा तुकडा घेतात. त्यावर एक डोळा हवा. ऊस लावताना आपण डोळा पाहतो, तसाच. तो औषधाच्या पाण्यात धुतात, आणि गाळलेली स्वच्छ हवा सोडणाऱ्या पेटीत बसून चिमट्याने बाटलीत ठेवतात. हाताने शिवायचे नाही. बोळा लावून बाटली दिव्याखाली ठेवायची.

काही आठवड्यांनी त्या डोळ्यातून कोंब निघतात. समजा चार निघाले. ते सुटे करून चार बाटल्यांत घातले. पुढच्या महिन्यात सोळा. मग चौसष्ट. मग २५६. मग १,०२४. सहाव्या महिन्यात ४,०९६. हा झाला पाटीवरचा हिशेब. प्रत्यक्षात बुरशी लागते, काही कोंब रुसतात, तेव्हा एवढे पदरात पडत नाहीत. तरीही पहा, मूळ वेल डोंगरावर तसाच राहिला. त्याचे गेले एक पेर.

कंदीलपुष्पांच्या काही जाती अशा रीतीने वाढवल्या आहेत. बाटलीतच लहान कंद धरले, काहींना बाटलीतच फुलेही आली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने कंदीलपुष्पे गोळा करून आपल्या बागेत जतन केली, त्यांची रोपे वाढवली आणि डोंगरांवर परत लावण्याचे काम केले. एक गोष्ट मात्र मोकळेपणी सांगितली पाहिजे. प्रत्येक झाडाला प्रयोगशाळा लागत नाही. शिवसुमनाची फांदी कुंडीत खोचली तरी ती जगते. जिथे साध्या माळ्याच्या हाताने काम होते, तिथे वीज आणि काच कशाला जाळायची? बाटली हवी ती जिथे मूळ झाडेच बोटांवर मोजण्याइतकी उरली, बी धरत नाही, फांदी लागत नाही, तिथे.

आमरीचे तसे आहे. झाडांच्या खोडांवर वाढणारी आमरी तुम्ही पाहिली असेल, फुलांचा तुरा वेणीसारखा लोंबतो. दादरच्या फुलबाजारात जांभळी फुले 'ऑर्किड' म्हणून विकतात, ती तिचीच नातेवाईक, बरीचशी थायलंडहून येतात. आमरीच्या एका बोंडात लाखो बिया असतात. धुळीसारख्या. पण बीमध्ये शिदोरी नसते. ज्वारीच्या दाण्यात पीठ असते, ते खाऊन कोंब वर येतो. हिच्यात काहीच नाही. रानात एक बुरशी तिला अन्न पुरवते, तेव्हा ती रुजते. लाखांत एखादी. १९२२ साली नडसन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर घातलेल्या अगरवर ते बी टाकले, आणि बुरशीशिवाय ते रुजले. तेव्हापासून आमरीची फुले श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून बाजारात आली. बाजारात बाटलीतले फूल भरपूर मिळू लागले, तर रानातले कोणी कशाला ओरबाडील? हा एक फायदा. पण रानातले फुकट मिळते, हेही खरे. म्हणून पहारा हवाच.

आता बाटलीची खोट सांगतो. एका डोळ्यापासून केलेली हजार रोपे म्हणजे हजार झाडे नव्हेत, एकाच झाडाच्या हजार नकला. एकाला जो रोग मारील, तो सर्वांना मारील. केळीचे उदाहरण घ्या. एके काळी परदेशांत निर्यातीसाठी सगळीकडे एकाच जातीची केळी लावत. जमिनीतून मर रोग आला आणि १९५० च्या सुमारास बागाच्या बागा बसल्या. म्हणून जाणते लोक एकाच वेलावर भिस्त ठेवत नाहीत. निरनिराळ्या डोंगरांवरून थोडे थोडे घेतात, आणि जमेल तिथे बी धरवतात. बियांत प्रत्येक रोप वेगळे निघते, जशी एका घरातली भावंडे.

आणखी एक अडचण. बाटलीतले रोप लाडावलेले असते. दमट हवा, आयती साखर. पानावर मेणाचा थर नीट नसतो. एकदम उन्हात नेले की तासाभरात मान टाकते. म्हणून आधी चायनाग्रास धुऊन टाकतात. मग काथ्याच्या भुशात लावून वर प्लॅस्टिक झाकतात. रोज थोडे थोडे उघडतात. मग सावलीत, मग उन्हात. इथेच पुष्कळ रोपे दगावतात.

जी जगतात, ती पहिला पाऊस पडला की डोंगरावर न्यायची. पावसाळ्यात मुळे धरली, की उन्हाळ्यात कंद जमिनीखाली झोपतो. वेल वाळून जातो. तेव्हा वरून पाहणाऱ्याला वाटते, झाड मेले. मेलेले नसते. त्या आठ महिन्यांत तिथे वणवा लावला नाही आणि कोणी उकरले नाही, तर जूनमध्ये कोंब पुन्हा वर येतो. विद्यापीठाची माणसे रोप लावून परत जातात. त्या डोंगरावर वर्षभर असतो तो गुराखी, आणि त्याचे गाव.

परवा एका वर्गात एका आजीबाईंनी विचारले, "मास्तर, बाटलीतली खरपुडी खायला मिळेल का?" मी म्हटले, आजी, का नाही? ज्या जातींचे कंद पूर्वीपासून खातात, त्यांची रोपे पुष्कळ झाली तर बांधावर लावता येतील. त्यावर त्या म्हणाल्या, "मग आधी मला दोन रोपं आणून द्या. नातवाला दाखवीन, आणि सांगीन, वरच्या डोंगरातली उकरू नको, घरची खा."