डोळ्यांची साथ आणि पायांचे बळ



मी वैद्य नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले. तरीही मज्जातंतुतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांच्याविषयी बोलावयास उभा आहे; कारण त्यांचे संशोधन हातापायांच्या बळाशी निगडित आहे, आणि कामगाराजवळ दुसरे भांडवल नसते.

वाडियांचा जन्म १९२५ चा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते लंडनला गेले, रसेल ब्रेन यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. १९५७ साली परतून त्यांनी जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग उभारला. २०१६ साली ते निवर्तले.

१९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. आपल्यातील वडीलधाऱ्यांना ती आठवत असेल. डोळे थोड्या दिवसांत बरे होत. परंतु काही जणांच्या कंबरेत व पायांत पुढील काही आठवड्यांत कळा येत आणि पाय लुळे पडत. पोलिओ म्हणावा, तर तो बहुधा बालकांना गाठतो; हे रोगी बहुतेक प्रौढ. आता, पाय गेलेला माणूस बऱ्या झालेल्या डोळ्यांची गोष्ट आपणहून कशाला सांगेल? ती विचारावीच लागते. वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा संबंध जोडला आणि १९७३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात मांडला. विकार पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत व तेथून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळांत होता. यंत्र शाबूत, पण पट्टा तुटलेला, तशी ही गत. हुकूम पोचला नाही की स्नायू सुकतो.

त्याच १९७१ साली वाडिया व स्वामी यांनी नऊ कुटुंबांतील एका आनुवंशिक विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात तोल जातो आणि डोळ्यांची हालचाल मंदावते. त्याचे जनुक १९९६ साली सापडले. असा माणूस कारखान्याच्या दारात झोकांडला, तर त्याला दारुडा ठरविणे किती सोपे!

येथेच संघटनेचे काम सुरू होते. २०१६ च्या अपंगहक्क कायद्याने स्नायुक्षयाचा, म्हणजे मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा, यादीत समावेश केला. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला सरकारी आस्थापनेने काढू नये, त्याच वेतनश्रेणीत झेपेल असे काम द्यावे, असेही त्यात आहे. खाजगी कारखान्यातील कामगाराला मात्र या कलमाचे छत्र नाही. आपला कोकणी चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत राबला. त्याची नातवंडे आज औद्योगिक वसाहतींत राबतात. त्यांचे पाय अडखळले तर काय?

म्हणून माझे मागणे दोन गोष्टींचे आहे. हे संरक्षण खाजगी कामगाराला मिळावे, ही एक. दुसरी आपल्याच हातची: कामगार मंदावला किंवा अडखळला, तर आरोपपत्राआधी वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, असे करारात लिहून घ्या. वाडियांनी रोग्याला मागचे विचारले, म्हणून रोग कळला. तेवढे विचारणे आपल्यालाही अशक्य नाही.