वाट दाखवणारा कुत्रा



मागच्या बाजाराच्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याची दृष्टी लहानपणीच गेली. बहिणीचा हात धरून तो येतो. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "गुरुजी, आंधळ्या माणसाला वाट दाखवणारे कुत्रे असतात म्हणे. तसा मी सटाण्यात ठेवला, तर त्याला परवाना लागेल का?"

प्रश्न शहाणपणाचा होता. मी म्हटलं, बस, सांगतो.

लढाईत डोळे गेलेल्या शिपायांसाठी १९१६ साली जर्मनीत अशा कुत्र्यांची शाळा निघाली. कुत्र्याच्या पाठीवर पट्टा आणि त्याला ताठ मूठ असते. ती मूठ माणूस धरतो. कुठे जायचे ते माणूस ठरवतो. खड्डा आला, पायरी आली, की कुत्रा थांबतो. समोरून मोटार येत असली, तर धन्याने "चल" म्हटले तरी तो हलत नाही! आपल्याकडे असे कुत्रे फार थोडे. पण कुत्रा शिकतो, हे आपण पाहिले आहे. पोलिसांच्या झंजीर कुत्र्याने १९९३ साली मुंबईत स्फोटके हुंगून काढली.

आता परवान्याचे. इंग्लंडात १९८७ पर्यंत कुत्र्याचा परवाना काढावा लागे. आंधळ्याच्या कुत्र्याला तो माफ होता. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने असा कुत्रा दुकानात, खाणावळीत, बसमध्ये जाऊ शकतो. मात्र गावचा परवाना आणि लस त्यालाही चुकत नाही. मला विचाराल, तर पैसे माफ करावेत. लस मुळीच माफ करू नये.

आपल्याकडे १९४९ च्या कायद्याप्रमाणे महानगरपालिका कुत्र्यांवर कर बसवू शकते. सटाण्यात राहणाऱ्याने नगरपरिषदेच्या कचेरीत विचारावे, खेड्यातल्याने ग्रामपंचायतीत. एस.टी.चे आगारात विचारावे. पण पाळलेल्या कुत्र्याला लस टोचणे हे धन्याचेच काम, असे २०२३ चे सरकारी नियम सांगतात. आपल्या जनावरापासून लोकांना इजा होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे एवढे कडक का? कुत्रा पिसाळला आणि चावला, आणि माणसात रोगाची लक्षणे दिसली, की मग औषध नाही. म्हणून चावला किंवा नुसते ओरखडले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. सांगितलेल्या तारखांना सगळी इंजेक्शने घ्या. दोन घेऊन बरे वाटले म्हणून थांबू नका.

बोलता बोलता मी त्याच्या बहिणीला विचारलं, "ताई, मळ्यातल्या वाघ्याला लस दिली का?" ती खाली बघू लागली. घरात तिची दोन लहान लेकरं!

दुसऱ्या दिवशी वाघ्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले. साखळी माझ्या विद्यार्थ्याने हट्टाने आपल्या हातात घेतली. वाघ्याने त्याला दोनदा गटाराकडे ओढले.