बर्फाच्या कारखान्यातला फोरमन

(मिहान येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोडला. आपल्या बॅचला ज्यानं बरंच शिकवलं, पण जो कुठल्याच पुस्तकात नव्हता, असा विषय मी निवडलाय : मारधाडीचे सिनेमे. गुरुजनांनी सांभाळून घ्यावं.

तो व्हीसीआरचा काळ. वर्गणी काढून टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं आणायचा आणि रात्रभरात तीन सिनेमे संपवायचे. त्यात एक ब्रूस लीचा असायचाच. संवाद कळत नसत, पण कुणाचं काही अडत नसे. आपले सर म्हणायचे, ‘‘काय पाहता रे पोट्टेहो, त्यात स्टोरी तर नसतेच!’’

सरांचं म्हणणं खरं होतं, आणि त्यामागं हिशेब होता. मोठे सेट, भारी कपडे, नामवंत नट यांना पैसा लागतो. कसलेला माणूस मोकळ्या जागेत लाथ मारतो, त्याला फारसा खर्च येत नाही. ‘द बिग बॉस’ हा सिनेमा १९७१ साली थायलंडमधल्या पाक चाँग गावात सुमारे एक लाख डॉलरमध्ये तयार झाला. सिनेमाच्या धंद्यात ही रक्कम चिल्लरच. त्यानं हाँगकाँगमध्ये ‘द साउंड ऑफ म्युझिक’च्या कमाईचा विक्रम मोडला.

थोड्या पैशाचा हा हिशेब आपल्या महाराष्ट्रातही जमला. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली गावातलीच माणसं घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. पुढं त्यांच्या सिनेमात सुपरमॅन झाला तो शफीक, यंत्रमागावर काम करणारा मुलगा. म्हणजे खिशात काही नसलेल्या माणसालाही पडद्यावर उभं राहता येतं, हे या सिनेमांनी दाखवलं.

आता ‘द बिग बॉस’च्या गोष्टीकडे येतो. ती एवढीशीच आहे. चेंग नावाचा गरीब तरुण नातेवाइकांकडे परगावी येतो आणि बर्फाच्या कारखान्यात मजुरीला लागतो. मारामारी करणार नाही, असं वचन त्यानं आईला दिलेलं असतं; त्याची खूण म्हणून गळ्यात एक लॉकेट. कारखान्यातल्या बर्फाच्या लाद्यांत मालक अफू-गर्दचा माल लपवून पाठवत असतो. हे ज्यांना कळतं, ते दोघं गायब होतात. त्यांची चौकशी करायला गेलेलेही परत येत नाहीत.

मजूर काम बंद पाडतात, मालकाचे गुंड चालून येतात, चेंगचं लॉकेट तुटतं आणि मग तो हात उचलतो. त्याला आवरायला मालक काय करतो? मारत नाही. फोरमन करतो! वर दारू पाजतो, जेवण घालतो. चेंग खुश. गायब झालेल्यांचा विषय मागं पडतो, आणि कालपर्यंत एका ताटात जेवणारे भाऊ त्याच्याकडे पाठ फिरवतात.

त्या वयात हा भाग आपण पुढं ढकलायचो. ‘‘फास्ट फॉरवर्ड कर बे, फाइट येऊ दे!’’ आज मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कारण आज आपण मिहानमध्ये जमलोय. खापरी, शिवणगाव, दहेगाव, तेल्हारा या गावांच्या शेतजमिनी या प्रकल्पात गेल्या. आता इथं एम्स आहे, आयटी कंपन्या आहेत. आपल्यातले काही इथंच साहेब झाले. मीही रोज कार्ड दाखवूनच आत शिरतो. आणि आपल्याच वर्गातले काही गेटवर वर्दी घालून उभे असतात. काही तर कुठं आहेत तेच ठाऊक नाही. बढती मिळणं वाईट नाही. कष्टानं मिळवलीय, ती मिरवावी. पण फोरमन झाल्यावर माणूस सोबत्यांची विचारपूस करतो की नाही, यावर त्याची पारख होते. चेंगला जाग आली तोवर घरातली माणसं मारली गेली होती. शेवटी तो मालकाला संपवतो, पण मग स्वतःच पोलिसांच्या हवाली होतो. एवढी मारामारी करून गेलेलं कुणी परत आलं नाही.

आपल्याला लाथाबुक्क्यांची गरज नाही. बाहेर नोंदणीच्या टेबलावर आपल्या वर्गाचं हजेरीपत्रक ठेवलंय. ज्यांच्यापुढं आज सही नाही, त्यातलं एकेक नाव प्रत्येकानं घ्यावं. नंबर नसेल तर गावातल्या कुणाकडून मिळवावा, आणि जेवणाला बसण्याआधी एक फोन लावावा. ‘‘काहून आला नाहीस बे?’’ एवढंच विचारावं. उत्तर मात्र पूर्ण ऐकून घ्यावं.

सर, स्टोरी नव्हती असं तुम्ही म्हणायचात. थोडीशी होती, सर. कळायला आम्हाला वेळ लागला.