पेटीतली पुस्तकं आणि आपली मतं

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आपल्या केंद्राच्या पुस्तकपेटीत काय असावं, यावर सकाळच्या सत्रात बराच वेळ गेला. फळ्यावर दोन याद्या झाल्या, एक 'हवीत' आणि एक 'नकोत'. नकोच्या यादीत 'श्यामची आई' आहे, 'रुचिरा' आहे आणि मल्लिका अमरशेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आहे. कारणंही सांगितली गेली. पहिलं आईच्या त्यागाचे गोडवे गातं, दुसरं बाईला ओट्यापाशी बांधून ठेवतं आणि तिसऱ्यानं चळवळीची बदनामी होते.

मला संयोजकांनी 'माझी आवडती पुस्तकं' हा विषय दिला होता. पण सकाळची चर्चा ऐकल्यावर वाटलं, फक्त आवडत्यांवर बोलून भागणार नाही. मी काही समीक्षक नाही. एम. एस. डब्ल्यू. झाल्यापासून बारा वर्षं वस्तीत आणि समुपदेशन केंद्रात काम करते, आणि हाताला लागेल ते वाचते. त्यातून जी मतं झाली ती तुमच्यापुढे मांडते. पटली नाहीत तर चहानंतर भांडायला वेळ आहेच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पुस्तक आपल्या विचारांशी जुळतं का, एवढ्या एका निकषावर पेटी भरू नये. ज्या पुस्तकातली बाई आपल्याशीही वाद घालते, ते पुस्तक पेटीत असलंच पाहिजे.

असं का म्हणते ते कामाच्या अनुभवातून सांगते. केंद्रात बाई आली की आपण अर्ज भरून घेतो. नाव, वय, लग्नाचं वर्ष, मुलं, त्रासाचं स्वरूप, अपेक्षा. हे रकाने लागतातच. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली दाद मागायची तर घटना नीट, तारीखवार लिहाव्या लागतात. पण बाई बोलते ते रकान्यांत मावत नाही. ती म्हणते, "सासूनं छळलं, पण माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनंच केलं." ती म्हणते, "मारतो, पण पोरगी आजारी पडली की रात्रभर जागतो." आपण त्यातलं 'सासूनं छळलं' आणि 'मारतो' एवढं लिहून घेतो, कारण कोर्टापुढे तेच उपयोगाचं असतं. उरलेलं कुठे जातं? मला ते पुस्तकांत सापडतं. म्हणून पुस्तकांचाही आपण असाच अर्ज करून टाकू लागलो की मला भीती वाटते.

आता एकेक पुस्तक घेते.

पहिलं ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना'. हे आपल्या 'हवीत' यादीत सगळ्यांत वर आहे. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून समस्त बायकांवर चिखलफेक सुरू झाली, आणि १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाईंनी हे छोटं पुस्तक छापून उत्तर दिलं. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक झालेलं दिसत नाही. पुढे जवळजवळ शंभर वर्षं ते विस्मरणात होतं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं म्हणून आपल्या हाती आलं.

आपण ताराबाईंच्या चार ओळी फलकावर लिहितो आणि मोर्चात नेतो. पण पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत किती जणींनी वाचलंय? ते वाचायला सोपं नाही. वाक्यं लांबलचक, एका रागातून दुसरा राग निघतो. पुराणातल्या देवांनासुद्धा त्या सोडत नाहीत. आणि त्यात आजच्या आपल्या भाषेत न बसणारंही बरंच आहे. मला ते वगळून वाचायला आवडत नाही. चिडलेली बाई अशीच बोलते. आपल्या केंद्रात पहिल्यांदा आलेली बाईसुद्धा मुद्देसूद बोलत नाही, म्हणून तिचं म्हणणं खोटं ठरतं का?

दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. १९३४पासून ते भागाभागानं प्रसिद्ध झालं. यावर आक्षेप आला की नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणाकडे त्या हसून बघतात, त्यामुळे अन्याय सौम्य होतो. मला तसं वाटत नाही. वडिलांचं सोवळं इतकं की घरात मीठसुद्धा धुवून घ्यायचे, हे त्या सांगतात तेव्हा आपण खळखळून हसतो. हसता हसता लक्षात येतं, की त्या सोवळ्याचा भार घरातल्या बायकांनी उचललाय. टिळक शीघ्रकोपी, हातात पैसा न टिकणारे. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले तेव्हा या बाईवर आभाळ कोसळलं. पण पुढची पाच वर्षं ती स्वतः विचार करत राहिली. जातपात माणसांनी केलेली आहे हे तिला आतून पटलं, कुणाच्याही हातचं खायचं हे तिनं ठरवलं आणि मग १९०० साली तिनं बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे फरपटत गेलेली बाई असं वर्णन करायचं तर ही पाच वर्षं गाळावी लागतील. आणि हसण्याबद्दल म्हणाल, तर वस्तीतल्या बायका सगळ्यांत भयंकर गोष्टी हसत हसतच सांगतात. ते आपण रोज ऐकतो.

तिसरं बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. पुस्तकरूपानं ते १९८६ साली आलं. फलटणच्या या बाईनं आपलं लेखन कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं होतं. आम्ही वस्तीत याचं सामुदायिक वाचन केलं. महारवाड्यातलं दारिद्र्य, गावाची अस्पृश्यता, बाबासाहेबांच्या विचारानं झालेलं परिवर्तन, इथपर्यंत सगळ्या माना डोलावत होत्या. मग सुनांच्या छळाचा भाग आला. पळून जाऊ नये म्हणून सुनेच्या पायात लाकडाचा खोडा अडकवायचे, हे वाचलं आणि खोलीत शांतता पसरली. एक तरुण कार्यकर्ती हळूच म्हणाली, "हे पुढच्या वेळी नको वाचायला, बाहेरचे लोक याचा गैरफायदा घेतील." तेव्हा साठीच्या एक आजी म्हणाल्या, "का नको? तिच्या पायात खोडा होता, तिनं बोलायचं न्हाई तर कुनी बोलायचं?"

मला यावर जास्त काही बोलायची गरज वाटत नाही. बेबीताईंनी गावावर जेवढं कठोर लिहिलं तेवढंच आपल्या माणसांवर लिहिलं, आणि शिकून पुढे गेल्यावर समाजाला विसरणाऱ्यांवरही लिहिलं. त्यांच्या लेखनाचा अर्धाच भाग घेणं म्हणजे त्यांना पुन्हा एकदा लपवून लिहायला लावण्यासारखं आहे.

यालाच लागून 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'. १९८४ सालचं हे पुस्तक. शाहीर अमरशेखांची मुलगी, स्वतः कवयित्री, आणि दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या नामदेव ढसाळांची पत्नी. लग्नातली मारहाण, फरपट, एकटेपण हे सगळं तिनं तरुण वयात लिहून टाकलं. सकाळी म्हटलं गेलं की यामुळे शत्रूच्या हातात कोलीत मिळतं. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दलित पुरुषाची हिंसा ठळक मथळ्यात येते आणि सवर्ण घरातली दाराआड राहते, हे आपण पाहतो. पण त्यावरचा उपाय सवर्ण घरांची दारं उघडणं हा आहे. सुनीता देशपांड्यांनी 'आहे मनोहर तरी'मध्ये, १९९० साली, आपल्या लाडक्या लेखकाच्या घरातला हिशेब मांडला तेव्हाही किती जण दुखावले होते! ही दोन पुस्तकं मी पेटीत शेजारी शेजारी ठेवीन. आणि एक लक्षात घ्या, आपल्याच संघटनेतल्या कार्यकर्त्याची बायको उद्या केंद्रात आली तर आपण तिचा अर्ज घेणार की नाही? या पुस्तकाला पेटीत जागा द्यायची का, हा तोच प्रश्न आहे.

आता 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ साली ते छापलं गेलं. त्यातली आई मुलाच्या आठवणीतली आहे, तिला स्वतःला काय वाटत होतं ते फार थोडं कळतं, हा आक्षेप मला मान्य आहे. पण मी ते पुस्तक कर्जाचं पुस्तक म्हणून वाचते. घर सावकाराच्या कर्जात बुडत जातं, वसुलीला आलेला माणूस दारात उभा राहून त्या बाईचा अपमान करतो, आणि ती खंगत खंगत मरते. आमच्या बचत गटात हा भाग वाचला तेव्हा आईच्या प्रेमाबद्दल कुणीच बोललं नाही. बायका मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांबद्दल बोलायला लागल्या. हप्ता चुकला की वसुलीवाला गल्लीत सगळ्यांसमोर बसून राहतो, नवरा मागच्या दारानं निघून जातो आणि तोंड बाईला द्यावं लागतं. जिनं तोवर कधी कर्जाचा आकडा सांगितला नव्हता, तिनं त्या दिवशी सांगितला. त्यागाचे गोडवे गाणारं म्हणून हे पुस्तक काढून टाकलं असतं, तर ही चर्चा झाली नसती.

'रुचिरा'बद्दल माझं मत ऐकून तुम्ही हसाल. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० सालचं. माझ्या आईकडे त्याची हळदीचे डाग पडलेली प्रत होती. स्वयंपाक बाईचाच, हे त्यात गृहीत आहे, कबूल. पण त्याआधी हे ज्ञान 'अंदाजे' आणि 'हाताच्या सवयीनं' होतं, म्हणजे ज्येष्ठ बाईच्या ताब्यात होतं. ओगल्यांनी वाटी आणि चमच्याचं माप दिलं आणि शहरात एकटी संसार मांडणारी मुलगी सासूला न विचारता भाजी करू लागली. त्या मापानं पुरुषालाही स्वयंपाक करता येतो. आपल्या संघटनेतल्या पुरुषांना मी हे पुस्तक मुद्दाम भेट देते.

मात्र 'रुचिरा'सोबत शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हवं. २०१५ साली आलेल्या या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांचं खाणं आहे. वाळवलेल्या मांसाच्या चान्या आहेत, तेलातुपाशिवाय भागवलेलं जेवण आहे. मराठी स्वयंपाक म्हणून आपण ज्याला मिरवतो तो कुणाच्या घरातला, हे ही दोन पुस्तकं जवळ ठेवली की दिसतं.

शेवटचं पुस्तक आपल्यासाठी, म्हणजे कार्यकर्त्यांसाठी आहे. विभावरी शिरूरकरांचं 'बळी', १९५० सालचं. या म्हणजे मालतीबाई बेडेकर. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास'नं एवढी खळबळ माजवली की बाईंना टोपणनावाआडच राहावं लागलं. पुढे त्यांनी तथाकथित गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटच्या खात्यात नोकरी केली, आणि त्या अनुभवातून मांगगारुडी माणसांची ही कादंबरी लिहिली. १८७१च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली माणसं तारेच्या कुंपणात ठेवली जात. हजेरी घेतली जाई. हेतू काय, तर त्यांना सुधारायचं. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण संशय अजून गेलेला नाही.

मी हे पुस्तक दर दोनतीन वर्षांनी वाचते. सुधारणा करणाऱ्याच्या हातात हजेरीचं पुस्तक असलं की काय होतं, ते त्यात दिसतं. आपल्याही हातात रजिस्टर असतं. बैठकीला कोण आली नाही, कुणी ऐकलं नाही, कोण नवऱ्याकडे परत गेली, हे आपण लिहून ठेवतो. परत गेलेल्या बाईबद्दल आपण कोणत्या सुरात बोलतो, ते जरा आठवून बघा.

म्हणून माझी सूचना अशी. फळ्यावरच्या दोन याद्या पुसून एक करावी. पेटीला दोरीनं एक वही बांधावी. पुस्तक परत करताना प्रत्येकीनं दोन ओळी लिहाव्यात. लिहिता येत नसेल तिनं सांगावं, दुसरीनं ती सांगेल तसंच लिहावं, सुधारून लिहू नये. पुस्तक आवडलं नाही, कंटाळा आला, लेखिकेचं पटलं नाही, हेही चालेल. महिन्यातून एकदा ती वही मोठ्यानं वाचावी. कुणाला कुठलं पुस्तक काढून टाकावंसं वाटलं तर तिनं ते आधी पूर्ण वाचावं आणि मग सगळ्यांसमोर बोलावं.

वहीचे पैसे मी देते. दोरी कुणीतरी आणा.