दाखल्यावरचा देव

(भोर येथे झालेल्या युवक शिबिरातील भाषण)



राष्ट्र आणि धर्म असा भारदस्त विषय मला दिलाय. हा प्रोफेसरांचा विषय. मी मॅट्रिक. गोदीत माल उतरवतो आणि कविता लिहितो. तेव्हा ग्रंथ उघडून बोलणार नाही, भांडण समोर ठेवून बोलणार आहे. आणि भांडण आपल्याच घरातलं आहे.

पण आधी भोरचं. वर रायरेश्वर आहे. १६४५ साली शिवरायांनी तिथल्या पिंडीसमोर स्वराज्याची शपथ घेतली, असं परंपरा सांगते. खाली पंतसचिवांचा राजवाडा. १९४८ साली संस्थान विलीन होईस्तोवर इथं राजदंड आणि सोवळं एकाच खुंटीला टांगलेलं होतं. आता त्या वाड्यात सिनेमावाले शूटिंग करतात, खोटे राजे खऱ्या जिन्यावरून उतरतात. आणि तिकडे भाटघरच्या पाण्यात कांबरेश्वर. धरण भरलं की देऊळ बुडतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. इंग्रज सरकारने धरण बांधलं तेव्हा खालचं बागायत पाहिलं. देव पाहिला नाही, आणि ज्यांची शेतं बुडाली ती माणसंही पाहिली नाहीत. इतक्या वर्षांत त्या बुडणाऱ्या देवळावरून कुणाच्या भावना दुखावल्या, कुणी पोलिसात गेलं, असं मी तरी ऐकलं नाही. राज्याला गरज पडली की ते देवाला पाण्यात घालतं, गरज पडली की मखरात बसवतं. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता भांडण. गेल्या पावसाळ्यात मुंबईत आमच्या वस्तीत एका ख्रिस्ती कुटुंबाच्या खोलीत प्रार्थना चालली होती. दहा बाय बाराची खोली, तीस माणसं, एक पास्टर, एक गळका पत्रा. एका म्हातारीला टीबी. कुणीतरी तिला सांगितलं, विश्वास ठेव, गोळ्या कशाला? हे आपल्या पोरांच्या कानावर आलं. पोरं तापली. तापायलाच पाहिजे होती. टीबीच्या गोळ्या बंद करायला सांगणारा माणूस झगा घालो नाहीतर भगवी कफनी घालो, त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण पोरांनी जाब विचारला नाही. दारात उभं राहून येशूला शिव्या दिल्या. आतल्या बायका रडायला लागल्या. पास्टरची माणसं दुसऱ्या दिवशी ठाण्यावर गेली, अर्ज दिला: धार्मिक भावना दुखावल्या. इकडे आपल्या पोरांना चहा पाजायला कोण आलं? भगव्या उपरण्यांची मंडळी. म्हणाले, तुम्ही पण उलटा अर्ज द्या, धर्मांतर चाललंय म्हणून, आम्ही पाठीशी आहोत. ज्यांनी आजवर आपल्या वस्तीत पाऊल टाकताना नाकाला रुमाल लावला, ते आता आपल्या नास्तिकांचे पाठीराखे!

त्या म्हातारीचं काय झालं, हे दोन्ही अर्जांत कुठंच नव्हतं. वस्तीतल्या एका बाईने तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं. ती बाई कुठल्या देवाला मानते ते मी विचारलं नाही.

हे काही आमच्याच वस्तीचं खूळ नाही. २०१२ साली मार्चमध्ये विलेपार्ल्याला, इर्ल्याच्या वेलंकनी मातेच्या चर्चजवळ क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. लोक गोळा झाले, ते पाणी बाटलीत भरून घरी न्यायला लागले. सनल एडामारुकु हा दिल्लीचा बुद्धिवादी, एका टीव्ही चॅनलच्या बोलावण्यावरून आला. त्याने भिंत पाहिली, मागची बाजू पाहिली आणि सांगितलं: जवळचं गटार तुंबलंय, सांडपाणी भिंतीत मुरून वर चढतंय आणि खिळ्याच्या भोकातून गळतंय. दिव्याची वात तेल वर ओढते तसं. वर त्याने चर्चलाही दोन शब्द सुनावले, चमत्काराचा धंदा करता म्हणून. कॅथलिक संघटनांनी पोलिसात तक्रारी केल्या. कलम २९५ अ. अटकपूर्व जामीन मिळाला नाही आणि तो फिनलंडला निघून गेला. माणूस म्हणून तो कसा, याची वकिली मला करायची नाही. पण मला सांगा, प्लंबरने जे सांगितलं असतं तेच त्याने सांगितलं. लोक गटाराचं पाणी तोंडाला लावत होते. त्यांना सावध करणारा गुन्हेगार कसा होतो?

आता हे कलम कुठनं आलं ते बघा. लाहोरात एक पुस्तिका छापली गेली, दंगा उसळला, कोर्टाने प्रकाशकाला सोडलं, म्हणून १९२७ साली इंग्रजाने २९५ अ घातलं. स्वातंत्र्य आलं, कलम गेलं नाही. उलट १९६१ ला शिक्षा दोनाची तीन वर्षं झाली. २०२४ च्या जुलैपासून न्याय संहितेत २९९ असा नवा नंबर लावलाय. ट्रकची नंबरप्लेट बदलली, माल तोच.

ख्रिस्ती बांधवांना मला हात जोडून एवढंच विचारायचंय: हे हत्यार तुमचं आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? १९९९ साली ओरिसात मनोहरपूरला ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्याची दोन लेकरं गाडीत जिवंत जाळली. २००८ साली कंधमाळमध्ये गावंच्या गावं पेटली, आणि तिथले ख्रिस्ती बहुसंख्य कोण होते? पाण. म्हणजे आपलेच, दलित. तेव्हा भावना दुखावण्याचं कलम कुणाच्या कामी आलं? हे कलम ज्याच्या हातात पोलीस ठाणं त्याचं असतं. इर्ल्याला ते तुमच्या हातात काही दिवस उसनं मिळालं. उसन्या बंदुकीचा घोडा मालकाकडंच असतो.

आणि आपण बौद्धांनी हसू नये. धर्मांतरविरोधी कायदे ओरिसात १९६७ पासून सुरू झाले, रोख ख्रिस्त्यांवर. आपण म्हटलं, आपल्याला काय? २००३ साली गुजरातने केला. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच गुजरात सरकारने परिपत्रक काढलं: हिंदू माणसाला बौद्ध व्हायचं असेल तरी या कायद्याखाली आधी परवानगी घ्या. बाबासाहेबांनी १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला कुठल्या कलेक्टरकडे अर्ज केला होता?

आता पाळी आपल्या नास्तिकांची. मी स्वतः देव मानत नाही, म्हणून जरा जास्तच बोलणार.

आपल्यातला नास्तिक मोठ्या आवाजात म्हणतो, राष्ट्राला धर्म नको. बरोबर आहे. १७ ऑक्टोबर १९४९ ला हरी विष्णू कामतांनी संविधान सभेत दुरुस्ती मांडली, उद्देशिका ईश्वराच्या नावाने सुरू करा. एक सभासद म्हणाले, देवाच्या नावाने का, देवीच्या नावाने का नको? हसू नका, देशाचं संविधान चाललं होतं. मतं पडली. बाजूने ४१, विरुद्ध ६८. त्या ६८ जणांत देव मानणारे पुष्कळ होते. त्यांना एवढंच कळत होतं की माझा देव मी दुसऱ्याच्या डोक्यावर बसवू नये. तिसऱ्या अनुसूचीत शपथाही दोन तऱ्हेच्या दिल्या. मानणाऱ्याने ईश्वराला साक्ष ठेवावं, न मानणाऱ्याने गांभीर्याने प्रतिज्ञा करावी. दोघं एकाच सभागृहात बसतील. इंग्लंडात हे इतकं सोपं नव्हतं. चार्ल्स ब्रॅडलॉ हा नास्तिक १८८० ला निवडून आला, तर शपथेवरून असा गोंधळ घातला की लोकांनी पुन्हा पुन्हा निवडून देऊनही १८८६ पर्यंत त्याला पार्लमेंटात धड बसू दिलं नाही. तोच ब्रॅडलॉ १८८९ ला मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता.

तर कागदावर आपलं राज्य देवावाचून उभं आहे. ठीक. आता तहसील कचेरीच्या खिडकीशी या.

१९५० च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याचा तिसरा परिच्छेद: हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ ला त्यात शीख आले. बौद्धांना १९९० पर्यंत ताटकळत ठेवलं, ते आपल्या बापजाद्यांना विचारा. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. म्हणजे ज्या राज्याने उद्देशिकेत देव घेतला नाही, ते राज्य दाखला देताना विचारतं, तुझा देव कोणता?

मद्रासला सूसै नावाचा चांभार होता. रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवायचा. सरकारने चांभारांना फुकट टपऱ्या द्यायची योजना काढली. याला मिळाली नाही, का तर हा ख्रिस्ती. सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८५ साली कोर्ट म्हणालं, ख्रिस्ती झाल्यावरही जातीचा जाच तेवढाच राहतो हे तू दाखवून दिलं नाहीस. माणूस त्याच रस्त्यावर, त्याच आरीने, तसल्याच फाटक्या चपला शिवतोय, आणि पुरावा मागतायत!

२००७ ला रंगनाथ मिश्र आयोगाने सांगितलं, तिसरा परिच्छेद काढून टाका. अहवाल पडून राहिला. २०२२ ला बालकृष्णन आयोग नेमला, मग त्याला मुदतवाढ. आणि २०२५ साली आंध्रच्या हायकोर्टाने एका दलित पास्टरची अॅट्रॉसिटीची केस रद्द केली. ख्रिस्ती झालास, तुला जात नाही, म्हणून तो कायदा तुला नाही. ज्याच्यावर जातीवरून शिवी दिल्याचा आरोप होता, त्याला पास्टरची जात बरोबर ठाऊक होती अशीच ती तक्रार होती. जात फक्त कोर्टाला दिसली नाही.

आता आपल्या नास्तिकाकडे बघा. त्याने देव सोडला. त्याचा दाखला गेला का? नाही. त्याच्या कागदावर बापाचा धर्म आहे, हिंदू महार नाहीतर बौद्ध. खिडकीपलीकडचा बाबू त्याला विचारत नाही, काय रे, तू तर काल भाषणात देव मेला म्हणालास. म्हणजे आपल्या नास्तिकपणाला दमडीची किंमत मोजावी लागत नाही. शेजारचा मात्र येशूचं नाव उघड घेतो आणि पोराची स्कॉलरशिप घालवतो. गोदीत माझ्या पाळीत असा एक आहे, तमिळ. हूक आम्ही दोघं एकाच गोणीला घालतो. आजोबा माझाही गुरं ओढायचा, त्याचाही. माझ्या पुतणीला फी माफ, त्याच्या पोरीला नाही. हे मुकाट गिळून जो नास्तिक त्याच्या क्रुसावर विनोद करतो, त्याला मी काय म्हणू? त्याचा विद्रोह फुकटचा आहे.

कुणी म्हणेल, मग चर्चमध्ये जात नाही काय? आहे ना. तिरुचिरापल्लीला कॅथलिक दफनभूमीत दलितांची मढी वेगळी ठेवायला भिंत आहे. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या डिसेंबरात स्वतःच्या धोरणपत्रात चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे मान्य केलं. बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. पण चर्चमध्ये जात आहे हे जर खरं, तर तिसरा परिच्छेद खोटा ठरतो. दोन्ही एकदम चालत नाही. धर्म बदलला म्हणून जात गेली असंही म्हणायचं, आणि तिकडेही जात आहेच की म्हणून टोमणाही मारायचा?

आपल्या चळवळीलाही हे भांडण नवं नाही. पँथर १९७२ ला उठली आणि दोनच वर्षांत बुद्ध की मार्क्स यावर फुटली. त्या फुटीचं पीक कुणी खाल्लं ते आज दिसतंय. मला पुन्हा तोच फड लावायचा नाही.

एक निकाल मात्र आठवणीत ठेवण्यासारखा आहे, आणि तो आपल्याच मुंबई हायकोर्टाचा. २०१४. फुल गॉस्पेल चर्च ऑफ गॉड नावाचा एक पंथ. त्यातले तिघं म्हणाले, आम्ही येशूला मानतो, पण ख्रिस्ती धर्म किंवा कुठलाच धर्म मानत नाही, गॅझेटात तशी नोंद करा. सरकारी छापखाना म्हणाला, होणार नाही. कोर्टाने सांगितलं: मला धर्म नाही असं म्हणायचा हक्क सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यातच येतो, धर्म सांग म्हणून राज्य कुणावर सक्ती करू शकत नाही. गंमत बघा, नास्तिकांना उपयोगी पडणारा हा निकाल येशूच्या भक्तांनी मिळवून दिला. आपण मात्र त्यांच्या दारात जाऊन बोंबललो.

आणि हा प्रश्न त्यांच्याही आधी आपल्या एका पोरीने विचारलाय. मुक्ता साळवे. मांगाची, चौदा वर्षांची, जोतीराव-सावित्रीच्या शाळेतली. १८५५ साली तिने निबंधात लिहिलं की वेद आम्हाला शिवायचे नाहीत, म्हणजे आम्हाला धर्मपुस्तकच नाही, म्हणजे आम्ही धर्मावाचूनचे. देवा, आमचा धर्म कोणता ते सांग. तो निबंध छापला कुणी? ज्ञानोदयने. मिशनऱ्यांच्या पत्राने. पाद्रीबाबांचा हेतू त्यांच्यापाशी. पण त्यांनी तिच्यावर भावना दुखावल्याची फिर्याद केली नाही, तिचे शब्द छापले. आणि जोतीरावांनी पुढं सार्वजनिक सत्यधर्मात घर कसं कल्पिलं? बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, लेक मुसलमान, पोरगा सत्यधर्मी, आणि एकाच्याही जिवाला धोका नाही. आमच्या दहा बाय बारात असलं घर सहज मावेल.

बस्स झालं, वेळ संपत आलीय. मागच्या बाकावर ठरावाचा कागद ठेवलाय. तीन गोष्टी आहेत. एक, भावना दुखावल्याचा अर्ज घेऊन आपल्यातला कुणी ठाण्यावर जाणार नाही, बुद्धाच्या नावानेही नाही. दोन, १९५० च्या आदेशातला तिसरा परिच्छेद रद्द करावा, या मागणीसाठी वस्तीतल्या ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांबरोबर मोर्चा काढायचा. जागा वाटून घ्याव्या लागतील, वाढवून मागू. ज्यांना ते पटत नाही त्यांनी आत्ता, इथंच भांडावं, मागून नको. तीन, टीबीच्या गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या तर त्याला दारात नाही, दवाखान्यात डॉक्टरसमोर उभं करायचं. वाचा. खोडायचं ते खोडा. मग सह्या करा, पेन माझ्याकडे एकच आहे. जयभीम.