वशिला नको, ग्वाही हवी

(विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



तुमच्यातले बरेच जण शिकता शिकता काम शोधताय. कॅफेत, कपड्यांच्या दुकानात, कोचिंग क्लासमध्ये, प्रदर्शनातल्या स्टॉलवर. अर्ज भराभर भरला जातो आणि शेवटच्या चौकटीपाशी पेन थांबतं : 'दोन रेफरन्स द्या.'

माझंही थांबलं होतं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका क्लासमध्ये संध्याकाळच्या कामासाठी अर्ज केला. घरी विचारलं तर मामू म्हणाले, "माझ्या ओळखीच्या साहेबांचं नाव टाक, वजनदार माणूस आहे." मी टाकलं. साहेबांना ना विचारलं, ना कळवलं. क्लासमधून फोन गेला तेव्हा साहेब म्हणाले, "कोण हा मुलगा?" काम गेलं. चूक क्लासची नव्हती, साहेबांचीही नव्हती. माझीच होती.

आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, वशिला आणि ग्वाही. वशिला म्हणजे मोठ्या माणसाचं वजन. ग्वाही म्हणजे ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानं सांगणं. अर्ज मागतो ग्वाही आणि आपण देतो वशिला. मालकाला एवढंच जाणून घ्यायचं असतं : पोरगा वेळेवर येतो का, गल्ल्यावर बसवता येईल का, गिऱ्हाइकाशी नीट बोलतो का. याचं उत्तर नगरसेवकापेक्षा तुमच्या कॉलेजचे ग्रंथपाल चांगलं देतील.

तुम्ही म्हणाल, "आम्ही कधी काम केलंच नाही." आठवून बघा. रमजानमध्ये कपड्यांच्या दुकानात रात्री बारापर्यंत कोण उभं होतं? लग्नात केटरिंगवाल्याबरोबर वाढायला कोण गेलं होतं? मोहल्ल्यातल्या मुलांची शिकवणी कोण घेतं? तो दुकानदार, तो केटरर, त्या मुलांचे पालक हे तुमचे साक्षीदार आहेत. कॉलेजात 'कमवा व शिका'मध्ये असाल तर तिथले प्रमुख आहेत. एनएसएसमध्ये वर्षाला 120 तास काम करावं लागतं, ते पाहणारे कार्यक्रम अधिकारी आहेत. प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडम आहेत. दुकान चाचांचंच असेल तर नातं लपवू नका, आणि दुसरं नाव मात्र नात्याबाहेरचं द्या.

नाव लिहिण्याआधी विचारा. "सर, अमुक ठिकाणी अर्ज करतोय. माझ्या कामाबद्दल फोन आला तर बोलायला जमेल का?" त्यांना नाही म्हणायला जागा ठेवा. नाइलाजानं दिलेला होकार फोनवर लगेच कळतो. हो म्हणाले तर कोणता नंबर द्यायचा, कोणत्या वेळी फोन चालेल, हेही विचारून घ्या. मग एक छोटा मेसेज पाठवा : काम कोणतं, किती तासांचं, आणि त्यांच्याकडे मी काय केलं होतं. शंभर विद्यार्थी शिकवणाऱ्या माणसाला तुमचा चेहरा आठवतो, काम आठवेलच असं नाही.

कागदावर पूर्ण नाव, पद, संस्था किंवा दुकान, तुम्हाला कसे आणि किती दिवसांपासून ओळखतात, आणि संपर्क एवढं लिहा. अर्जात रेफरन्स मागितलेच नसतील तर दुसऱ्याचा नंबर गावभर वाटू नका. 'मागितल्यास देईन' एवढं पुरे. काम मिळो न मिळो, त्यांना कळवा आणि आभार माना. पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याच दारात जायचंय.

आता थोडं अवघड. मघाशी चहाच्या वेळी एका मुलीनं विचारलं, "सर, माझे दोन्ही रेफरन्स मुसलमान आहेत. एक नाव बदलू का?" तिची भीती हवेतली नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये आला. सारखीच पात्रता, फक्त नाव वेगळं, असे अर्ज त्यांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली.

तरीही मी तिला म्हणालो, बदलू नकोस. जिनं तुला मुलं शिकवताना पाहिलं, तिच्याऐवजी न पाहिलेलं एखादं 'चालणारं' नाव टाकलंस, तर तो पुन्हा वशिलाच झाला. "ही मुलगी दोन वर्षं येते, एकदाही उशीर केला नाही" हे एक ठोस वाक्य तुला उपयोगी पडेल. त्यानं भेदभाव संपणार नाही. आणि तो संपवण्याची जबाबदारी अर्ज भरणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीवर टाकूही नये, ते आपलं सगळ्यांचं काम आहे.

पण एक प्रश्न स्वतःला विचारा : दोन्ही नावं मोहल्ल्यातलीच का? बऱ्याचदा याचं कारण असं की तास संपला की आपण थेट घर गाठतो. ग्रंथालयात थांबा, शिबिराला जा, स्नेहसंमेलनात खुर्च्या उचला. पालकांनो, मुलींनाही थांबू द्या. रेफरन्स अर्जाच्या दिवशी शोधायचा नसतो, तो वर्षभर आधी तयार होत असतो.

आणि उद्या तुम्ही कमावते झालात की कुणी पोरगं तुमच्याकडे येईल, "भाई, तुमचं नाव देऊ का?" त्याचं काम पाहिलं असेल तर मोकळेपणानं हो म्हणा. पाहिलं नसेल तर म्हणा, "आधी आठ दिवस माझ्याकडे काम कर."